घोडा कोणाचा? भारतीय अश्वारोहण महासंघाचे शासकीय साहाय्य व नियमन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत घोडदळातील स्वारांचे दोन वर्ग होते. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येई तो शिलेदार. घोड्याची मालकी कोणाकडे आहे, यावरून स्वाराचा दर्जा, त्याचे वेतन व त्याच्यावरील सरकारची हुकमत ठरत असे. स्वतंत्र भारतातील अश्वारोहण या क्रीडाप्रकाराचा इतिहास पाहताना हाच भेद वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतो. अन्य खेळांत शासन मैदान, प्रशिक्षक व प्रवासखर्च पुरवू शकते. येथे मुख्य साधन सजीव, महागडे आणि कोणाच्या तरी मालकीचे असते. भारतीय अश्वारोहण महासंघास मिळालेले शासकीय पाठबळ व महासंघाच्या कारभाराचे स्वरूप यांचा विचार प्रस्तुत निबंधात या मालकीच्या अंगाने केला आहे.

सरकारी पागेचा कालखंड

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर त्यांच्या घोडदळांचे काय करावयाचे, हा प्रश्न भारत सरकारपुढे होता. १९५३ मध्ये ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर, पटियाळा आदी संस्थानांच्या पथकांतून एक अश्वदल उभारण्यात आले. तेच पुढे '६१ कॅव्हलरी' म्हणून प्रसिद्धीस आले. शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर लान्सर्सचा वारसा अशा रीतीने भारतीय सैन्यात, आणि सैन्यामार्फत क्रीडाक्षेत्रात, टिकून राहिला. यंत्रयुगातील सैन्याला लढाईसाठी घोडा उरला नव्हता. मात्र समारंभ, पोलो व अश्वारोहण यांसाठी तो राखला गेला. त्यामुळे महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या हाती स्वतःचे फारसे काही नसले, तरी सैन्याची पागा होती, पशुवैद्य होते, मोतद्दार होते आणि नोकरीचा भाग म्हणून सराव करणारे स्वारही होते. हे सर्व संरक्षण खात्याच्या खर्चात बसत असल्याने क्रीडा अनुदानाच्या आकड्यांत ते कधीच दिसले नाही. या खेळाला शासनाने काही दिले नाही, हे विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

या व्यवस्थेचे फलित १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत दिसून आले. त्या वर्षी अश्वारोहणाचा या स्पर्धेत प्रथमच समावेश झाला. इव्हेंटिंगमध्ये ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळविले. गुलाम मोहंमद खान व प्रल्हाद सिंग यांना अनुक्रमे रौप्य व कांस्य पदक लाभले. सांघिक सुवर्णही भारताचेच होते. भाल्याने जमिनीतील मेख उचलण्याच्या प्रकारात रुपिंदर सिंग ब्रार विजयी ठरले. घोडे देशातले व स्पर्धाही देशातच, हा योग मात्र पुन्हा आला नाही.

शिलेदारांचा उदय

ऑलिम्पिकमध्ये १९८० च्या मॉस्कोतील संघानंतर भारताचे प्रतिनिधित्व तुरळकच राहिले : १९९६ मध्ये इंद्रजित लांबा, २००० मध्ये इम्तियाझ अनीस आणि त्यानंतर थेट २०२१ मध्ये, टोकियोत, फवाद मिर्झा. फवाद यांनीच २०१८ च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक रौप्य मिळवून छत्तीस वर्षांचा दुष्काळ संपविला होता. त्यांचा 'सेन्यॉर मेडिकॉट' हा घोडा सरकारी नव्हता. बंगळुरूच्या एका उद्योगसमूहाच्या पाठबळाने तो लाभला होता. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'टॉप्स' योजनेचे साहाय्य त्यांना मिळाले, ते या खासगी पायावर.

२०२३ मध्ये हांगझोऊ येथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा व अनुष अगरवाला यांनी ड्रेसाज प्रकारात २०९.२०५ गुणांसह सांघिक सुवर्ण जिंकले. चौघेही नागरी कुटुंबांतील आणि युरोपात राहून सराव केलेले. त्यांत दोन स्त्रिया होत्या, ही बाब विशेष नोंद घेण्यासारखी आहे. स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत समोरासमोर उतरतात असा हा ऑलिम्पिक खेळ. परंतु सैन्याच्या पागेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत स्त्रीला फारशी जागा नव्हती. ती जागा शिलेदारीने दिली. अर्थात, ज्या घरास युरोपात घोडा बाळगणे परवडते त्याच घरातील मुलीला, हेही लगेच म्हटले पाहिजे.

मताधिकाराचा प्रश्न

स्वार बदलले, तरी महासंघाची घडण त्याच वेगाने बदलली नाही. क्रीडा महासंघांच्या पदाधिकाऱ्यांच्या कार्यकालावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केंद्राने १९७५ पासून केला. त्याचे संकलित रूप म्हणजे २०११ ची राष्ट्रीय क्रीडा विकास संहिता. तिच्या एका कलमानुसार महासंघाचे मतदार हे राज्य व केंद्रशासित प्रदेशांच्या संघटना असावेत. क्लब वा व्यक्ती यांना सभासदत्व दिले तरी मताधिकार देऊ नये. अश्वारोहण महासंघात नेमके क्लब व लष्करी पथके यांचेच वजन मोठे. राजस्थानातील राज्य संघटनेने हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात नेला.

संहितेचे कलम लिहिताना हॉकी वा कबड्डीसारखे खेळ नजरेसमोर असावेत. ज्या राज्यात पागाच नाही, तेथील संघटना कागदावरची राहण्याचा धोका खरा आहे. तथापि, ज्यांच्याकडे पागा आहे त्यांनीच मतदान करावे, संघनिवड करावी आणि निवडीवरील तक्रारीही ऐकाव्यात, हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही.  ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीत खेळाडू व स्त्रियांना स्थान देणे बंधनकारक केले आणि वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली.

रोगमुक्त क्षेत्र

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील अश्वारोहण स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरण नियमांमुळे स्टॉकहोमला भरवावी लागली होती. घोडा सीमा ओलांडतो तो पशुवैद्यकीय दाखल्यावर. क्रीडा मंत्रालयाचे पत्र तेथे कामास येत नाही. भारतात २००६ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ग्लँडर्स हा रोग पुन्हा आढळला, आणि २००८-०९ मध्ये अश्वांतील इन्फ्लुएन्झाची साथ आली. देशातील घोडा परदेशी स्पर्धेत नेणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले आणि स्वारांना युरोपातच घोडे ठेवणे भाग पडले. शिलेदारी वाढण्याचे हे एक मोठे कारण, परंतु क्रीडा धोरणाच्या चर्चेत ते अभावानेच आढळते.

३ जुलै २०२५ रोजी मेरठ छावणीतील रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रास जागतिक पशुआरोग्य संघटनेने देशातील पहिले अश्व-रोगमुक्त क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पशुसंवर्धन विभाग, सैन्य, उत्तर प्रदेश शासन व महासंघ यांच्या सहकार्याने हे घडले. परदेशी स्पर्धेसाठी देशातून घोडा नेण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा होऊ लागला आहे. मात्र हे क्षेत्र सैन्याच्या पागेत आहे. इंदूर, मुंबई वा कोलकात्याच्या खासगी मालकाचा घोडा तेथे कोणत्या अटींवर ठेवता येईल, हे ठरविण्यात संरक्षण, पशुसंवर्धन व क्रीडा या तिन्ही खात्यांचा संबंध येतो.