नवजात बाळाचा जंतुसंसर्ग : गडचिरोलीने शिकवलेला धडा

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या रक्तात जंतू पसरून होणाऱ्या गंभीर आजाराला नवजात सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की सहसा ताप येतो. तान्ह्या बाळाला पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग थंड पडते. घरच्यांना वाटते, बाळ शांत झोपले आहे.

निदानासाठी रक्त तपासतात. पण जिथे प्रयोगशाळा नाही आणि डॉक्टरही दूर, तिथे हा आजार ओळखायचा कसा? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. त्या बाळाचे वजन करत, श्वास मोजत, आईला काय बदल जाणवला ते विचारत. सेप्सिसचा संशय आला की आधी रुग्णालयात न्यायला सांगत. घरचे तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोलचे पातळ औषध देत.

निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पूर्वी सेप्सिस झालेल्या १०० बाळांपैकी साधारण १७ दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण ३ वर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हेच काम आहे.

त्या गावांत वापरलेली लक्षणे कोणत्याही आईला कळतील अशी आहेत :

- चांगले रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे
- नीट पिणारे बाळ दूध ओढेनासे होणे
- बाळ सुस्त पडणे, जागे न होणे
- अंग थंड किंवा गरम लागणे
- मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे
- सतत उलट्या, पोट फुगणे
- नाळेत किंवा त्वचेवर पू

आरोग्यसेविका यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली की सेप्सिस धरत. तुम्ही मात्र एक दिसले तरी डॉक्टरांना दाखवा.

३७ आठवड्यांआधी जन्मलेले किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ, प्रसूतीच्या वेळी आईला ताप, पाणी जाऊन १८ तासांहून अधिक काळ लोटणे, यांत धोका जास्त. बाळ थंड पडले असेल किंवा झटके आले असतील, तर जिवाला धोका वाढतो. आणि सगळ्यात घातक ठरतो तो उशीर.

माणगावच्या आसपासच्या वाड्यांवरून पावसाळ्यात खाली यायलाच वेळ लागतो. म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घ्या आणि निघा. घरी उरलेले औषध बाळाला देऊ नका.