कुरतडणाऱ्या अळीची नावे आणि तिची ओळख

कोवळी रोपे जमिनीलगत कापणाऱ्या अळीला इंग्रजीत तिच्या कृत्यावरून 'कटवर्म' म्हणतात. फ्रेंचमध्ये ती 'व्हेर ग्री', म्हणजे करडा किडा, आणि जर्मनमध्ये 'एर्डराउपे', म्हणजे मातीतला सुरवंट. मराठीतील 'रोपे कुरतडणारी अळी' हे नावापेक्षा वर्णनच अधिक आहे. बिहारात तिला 'कजरा' म्हणतात. हा शब्द काजळाशी, म्हणजे रंगाशी, संबद्ध दिसतो. कृत्य, रंग व वसतिस्थान ही ओळखीची तीन लक्षणे लोकभाषांनी अशी वाटून घेतली आहेत. यांपैकी एकाही नावात पतंग नाही. शास्त्रीय नाव मात्र नेमके पतंगाच्या पंखावर उभे आहे.

1766 मध्ये हुफनागेलने बर्लिनच्या परिसरातील पतंगांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. त्यांतील एका काळपट पतंगास, पंखावरील खुणेवरून, त्याने एका ग्रीक अक्षराचे नाव दिले, आणि ते लिहिताना आरंभी 'आय' हे रोमन अक्षर घातले. त्याची वर्णने त्रोटक होती. रॉटेमबुर्गने पुढे 1775 ते 1777 या काळात त्यांवर टिपणे लिहिली. त्याच्या नावे रूढ झालेल्या लेखनात 'आय'च्या जागी 'वाय' आहे. अग्रक्रमाच्या नियमाने हुफनागेलचेच लेखन ग्राह्य ठरते. तथापि भारतीय कीटकशास्त्रीय वाङ्मयात 'वाय' व रॉटेमबुर्ग हीच जोडी कित्येक दशके नांदली. एकाच लेखनाने जुने अहवाल शोधणाऱ्या अभ्यासकास म्हणून अर्धेच साहित्य सापडते. 'अ‍ॅग्रोटिस' हे प्रजातिनाम ओक्सेनहायमरने 1816 मध्ये दिले (हा गृहस्थ व्यवसायाने नट होता). ते शेतवाचक ग्रीक शब्दावरून आले आहे. भगिनी जातीचे 'सेगेटुम', म्हणजे 'उभ्या पिकांचा', हे नाव 1775 मध्ये व्हिएन्नात डेनिस व शिफरम्यूलर यांनी दिले.

पंखावरून ठेवलेले नाव शेतात फारसे उपयोगी पडत नाही. बिहारातील मोकामा टाल हा गंगेकाठचा सखल प्रदेश पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पाणी ओसरल्यावर तेथे रब्बीची कडधान्ये पेरतात आणि रोपे वर येताच ती कापली जाऊ लागतात. वुडहाउस व फ्लेचर यांनी 1912 मध्ये या उपद्रवाविषयी लिहिले. दिवसा शेतात काहीच दिसत नाही. अळी मातीत दडते व डिवचल्यास वेटोळे करते. कापलेले रोप हा तिचा पुरावा म्हणावा, तर नाकतोडेवर्गीय रातकिडेही रोपे कापतात. भिंगाखाली इप्सिलॉनच्या तेलकट करड्या त्वचेवर लहानमोठे उंचवटे दिसतात. उदराच्या प्रत्येक खंडाच्या पाठीवरील ठिपक्यांपैकी मागची जोडी पुढचीपेक्षा ठळकपणे मोठी असते. कोवळ्या अळीत एवढे पाहणे कठीण. म्हणून ती मातीत पोसून, कोष होऊ देऊन, पतंग निघेपर्यंत थांबणे हाच खात्रीचा मार्ग होता.

या थांबण्यावर बरेच अवलंबून होते. उन्हाळ्यात मैदानातून हा पतंग नाहीसा होतो, यावरून फ्लेचरने 1925 मध्ये त्याच्या स्थलांतराचा विचार मांडला. नाहीसा झालेला पतंग व पुढच्या हंगामात परत दिसणारा पतंग एकाच जातीचे नसते, तर ते अनुमान कोसळलेच असते. अमेरिकेत खुणा केलेले पतंग दूर अंतरावर पुन्हा पकडून या जातीच्या दीर्घ प्रवासाचा प्रत्यक्ष पुरावा 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. टालातील शेतकरी 'कजरा' म्हणतो तेव्हा त्यात एक जाती आहे की अनेक, हे त्या शब्दावरून आजही ठरत नाही.