काइटसर्फिंगची दोरी : तुटण्याची कारणे व प्रतिबंध

काइटसर्फिंग या जलक्रीडेत पतंग व खेळाडू यांना जोडणारी दोरी ताणाखाली तुटणे, हा या खेळातील गंभीर धोका आहे. दोरी तुटते तेव्हाचा वारा बहुधा केवळ निमित्त असतो. घर्षण, गाठी, ऊन आणि वाळू यांमुळे ती आधीच कमकुवत झालेली असते. या कमकुवतपणाच्या खुणा डोळ्यांना दिसतात व बोटांना जाणवतात. त्यामुळे असे बरेचसे अपघात टाळता येतात.

पार्श्वभूमी : हवा भरलेल्या नळ्यांचा, पाण्यात पडल्यावर पुन्हा उडवता येणारा पतंग ब्रुनो व दॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंनी विकसित केला आणि १९८४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या खेळाचा प्रसार झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश होऊन शर्यती मार्सेय येथे झाल्या. भारतात गोव्यातील मोरजी–आश्वे किनारा आणि तमिळनाडूतील रामेश्वरम व तूतुकुडी येथे तो खेळला जातो.

रचना व द्रव्य : सामान्यतः पतंगाला चार दोऱ्या असतात. पुढच्या दोन दोऱ्या ‘चिकन लूप’ या कडीद्वारे खेळाडूच्या कमरेच्या पट्ट्याला (हार्नेस) जोडलेल्या असतात व पतंगाची बहुतांश ओढ पेलतात. मागच्या दोन दोऱ्या खेळाडूच्या हातातील दांड्याच्या (बार) टोकांना असून त्यांनी पतंग वळवला जातो. दोरीची लांबी बहुधा २० ते २५ मी. व जाडी दीड ते दोन मिमी. असते. डायनिमा, स्पेक्ट्रा या नावांनी विकल्या जाणाऱ्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूंपासून ती वेणीसारखी विणतात. हे तंतू त्याच वजनाच्या पोलादापेक्षा अनेक पटींनी बळकट असून पाण्यावर तरंगतात. मात्र ते सु. १५० अंश सेल्सिअसला वितळतात, गुळगुळीत असल्याने त्यांत गाठ नीट टिकत नाही आणि सततच्या ताणाने ते हळूहळू कायमचे लांबतात.

तुटण्याची कारणे : (१) गाठ. गाठीत दोरी तीव्र कोनात वाकते, भार मोजक्या तंतूंवर पडतो आणि तिचे बळ निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. सैल दोरीत नकळत पडलेली गाठ पतंग उडताच घट्ट आवळली जाते. (२) घर्षण. शिंपले, कालवे चिकटलेले खडक, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या व रापणीच्या जाळ्यांचे दोर यांत अडकून बाहेरचे तंतू तुटतात. विणीत शिरलेले वाळूचे कण व वाळलेल्या मिठाचे स्फटिक दोरीला आतून कुरतडतात. (३) दोरीवर दोरी. दोन पतंगांच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या की जी दोरी एकाच जागी घासली जाते तिच्यात उष्णता साचते, तंतू वितळतात आणि दोरी क्षणात तुटते. संक्रांतीच्या काटाकाटीतही धावता मांजा दुसऱ्याला एकाच जागी घासून कापतो. काइटसर्फिंगच्या दोरीला त्यासाठी काचेची धारही लागत नाही. (४) ऊन. अतिनील किरणांमुळे तंतू व टोकांची शिवण हळूहळू ठिसूळ होतात. (५) झटका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगावरचा जोर सु. चौपट होतो. त्यातच लाटेत पडलेला पतंग उसळून वर आला किंवा त्याने वेगात गोल फेरी घेतली, तर सैल दोरी एकदम ताणली जाते. ती फारशी लवचिक नसल्याने तो धक्का जिरत नाही. (६) जोड. दोरीच्या टोकांचे फास व त्यांवरचे शिवलेले आवरण, तसेच बारच्या मधल्या छिद्रातून सतत सरकणारी दोरी यांची झीज सर्वांत लवकर होते.

तुटल्यावर काय घडते : मागची एक दोरी तुटली की पतंग शाबूत दोरीच्या बाजूला वळून गोल फेऱ्या घेऊ लागतो आणि प्रत्येक फेरीत खेळाडूला ओढतो. पुढची दोरी तुटली तर पतंगाचा आकार बिघडतो व ताबा सुटतो. अशा वेळी बार सोडून लगेच चिकन लूप मोकळी करणारे ‘क्विक रिलीज’ उघडावे. सुरक्षा-यंत्रणा बहुधा पुढच्या एका दोरीवर चालते. तीच तुटली असेल, तर पतंग निपचित होत नाही. ओढ कायम राहिल्यास लीशचे (पतंगाला खेळाडूशी जोडून ठेवणाऱ्या सुरक्षा-दोरीचे) रिलीजही उघडून पतंग सोडून द्यावा. पतंगापेक्षा जीव मोलाचा. ताणलेली दोरी उघड्या हाताने धरू नये, बोटाला तर मुळीच गुंडाळू नये. ती बोट कापू शकते. रिलीज यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रतिबंध : प्रत्येक वेळी पतंग उडवण्यापूर्वी दोऱ्या पसरून प्रत्येक दोरी अंगठा व तर्जनी यांमधून टोकापासून टोकापर्यंत फिरवावी. उसवलेले तंतू, चपटा किंवा कडक चकचकीत झालेला भाग, अचानक बारीक झालेली जागा, आवरणाची उसवलेली शिवण यांपैकी एकही खूण आढळल्यास ती दोरी वापरू नये. गाठी बोटांनी सोडवाव्यात, चाकू वा टोकदार अवजार लावू नये. दोऱ्यांवरून कोणालाही चालू देऊ नये. दोरी दुसऱ्याच्या दोरीवरून ओढली गेली असेल, तर किनाऱ्यावर आल्यावर तिची आवर्जून तपासणी करावी.

खेळ संपल्यावर दोऱ्या गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवाव्यात, बारवर आठच्या आकारात गुंडाळाव्यात आणि उन्हात ठेवू नयेत. चारही टोके एका खुंटीला अडकवून बार ओढून पाहिल्यास लांबीतील फरक कळतो. पुढच्या दोऱ्या अधिक भार पेलतात, म्हणून त्याच अधिक लांबतात. लांबी विषम झाली की पतंग नीट उडत नाही.

दुरुस्ती व बदल : तुटलेली दोरी गाठ मारून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. पोकळ वेणीच्या दोरीचे तुकडे एकमेकांत ओवून व शिवून जोडता येतात. असा जोड गाठीपेक्षा पुष्कळ मजबूत असतो, मात्र तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. एकच दोरी बदलल्यास नवी व जुनी यांच्या लांबीत फरक पडतो, म्हणून शक्यतो पूर्ण संच बदलावा. ज्या दोरीविषयी शंका आहे ती पाण्यात नेऊन पाहू नये, किनाऱ्यावरच बदलावी. बेताल झालेला पतंग खेळाडूबरोबर किनाऱ्यावरच्या माणसांनाही इजा करू शकतो, त्यामुळे ही तपासणी दोघांच्याही सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.