सुटी खुर्ची

सार्वजनिक बागेत खुर्च्या ठेवायच्या म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो त्या चोरीला कशा जाणार नाहीत, हा. म्हणून आपली बाके सिमेंटात पाय रोवून बसलेली असतात. या धास्तीची सवय असल्यामुळेच की काय, पॅरिसच्या लक्झेंबुर्ग बागेत गेलो तेव्हा पुतळ्यांपेक्षा मला नवल वाटले ते खुर्च्यांचे. हिरव्या रंगाच्या शेकडो लोखंडी खुर्च्या, आणि एकही कशाला बांधलेली नाही! कुणी एक खुर्ची बसायला घेतली होती, दुसरी पाय टेकायला. दोन म्हातारे आपापल्या खुर्च्या ओढत ओढत उन्हामागे चालले होते.

या खुर्चीचा घाट १९२३ सालचा. पॅरिस नगरपालिकेच्या स्वतःच्या कारखान्यात ती तयार झाली. तिच्यात मिरवण्यासारखे काही नाही. पण बाहेर, उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला काय काय सोसावे लागते याचा विचार मात्र तिच्यात पुरेपूर आहे. विणलेली बैठक पावसात कुजते, लाकूड फुगते आणि तडकते. लोखंडाच्या पट्ट्यांमधून पाणी खाली गळून जाते, वारा खेळतो, आणि सर थांबली की घटकाभरात खुर्ची कोरडी. लोखंडाचा वैरी गंज. तो सपाट पट्टीवर सहसा धरत नाही. जिथे दोन तुकडे जुळतात आणि पाणी साचून राहते तिथे रंगाच्या आत शिरतो. म्हणून अशा वस्तूची खरी परीक्षा सांध्यांत असते. वजनाचेही तसेच. खुर्ची वाऱ्याने उलटू नये इतकी जड हवी, आणि एका म्हातारीला ओढत नेता यावी इतकी हलकी. एकविसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेदेरिक सोफिया या रचनाकाराने हाच घाट ॲल्युमिनियमात उतरवला. ओझे कमी झाले, तांबड्या गंजाची कटकट गेली. आमच्या मुंबईच्या खाऱ्या वाऱ्याला असलेच काही मानवेल.

मात्र सुटी खुर्ची म्हणजे फुकट खुर्ची नव्हे. पॅरिसच्या बागांत खुर्च्यांचे भाडे गोळा करीत हिंडणाऱ्या बायका असत. त्यांना ‘शाझिएर’ म्हणत. बाकावर बसणे फुकट, खुर्चीवर बसायचे तर पैसे मोजायचे. लक्झेंबुर्गमध्ये ही वसुली १९७४ पर्यंत चालू होती. पॅरिसकरांनी ती पिढ्यान्पिढ्या चालवून घेतली याचे मला अजून कोडे आहे.

न्यूयॉर्ककरांनी चालवून घेतली नाही. १९०१ साली ऑस्कर स्पेट नावाच्या गृहस्थाने युरोपातली ही रीत तिकडे नेली. वर्षाला ५०० डॉलर भरायचे, या बोलीवर उद्यानखात्याच्या जॉर्ज क्लॉसेन यांच्याकडून त्याने परवाना मिळवला आणि बागांत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. चांगल्या जागेवरच्या झुलत्या खुर्चीला पाच सेंट, साधीला तीन. या खुर्च्या लोखंडी नव्हत्या, पण तंटा धातूचा नव्हताच. जुलैचे दिवस, शहरात उष्म्याचा कहर, आणि सावलीच्या जागी नेमक्या पैशाच्या खुर्च्या! मॅडिसन स्क्वेअरमध्ये लोक न विचारता खुर्च्यांवर बसू लागले, वसुलीवाल्यांवर धावून गेले, दगड फेकले गेले. क्लॉसेननी त्याच महिन्यात परवाना रद्द केला.

त्याच शहरात सत्तरीच्या दशकात विल्यम व्हाइट हा माणूस कॅमेरा लावून चौकाचौकांतली माणसे टिपत बसला होता. नगररचनेवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे दिसले नाही ते याला दिसले: सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो. पुष्कळदा होती तिथेच परत आणतो! पण सरकवतो खरा. १९८० सालच्या आपल्या पुस्तकात व्हाइटने याचा अर्थ लावला तो असा की, जागा आपण निवडली, एवढे समाधान माणसाला पुरते.

पुस्तक निघाले तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयामागचे ब्रायंट पार्क अफूगांजाच्या विक्रेत्यांच्या हाती गेले होते. कुंपणे आणि झुडपे यांनी ते रस्त्यापासून तोडले होते. आत शिरलेला भला माणूस बाहेरून दिसत नसे. तशा जागेला आपण आणखी कुलपे घातली असती. व्हाइटचा सल्ला उलटा होता: वाटा वाढवा, आडोसे काढा. १९८८ मध्ये बाग बंद करून तिची नव्याने बांधणी झाली आणि १९९२ साली ती उघडली तेव्हा हिरवळीभोवती हजारावर सुट्या खुर्च्या होत्या. खुर्च्या फ्रेंच, घडीच्या, पोलादी सांगाड्याच्या. ज्या जातीच्या घडीच्या खुर्चीचे पेटंट फ्रान्समध्ये १८८९ साली निघाले, त्या जातीच्या. चोरी होईल ही धास्ती तिथल्याही शहाण्यांना होतीच. तरीही खुर्च्या टिकल्या. माणसे आली, बायका एकट्या येऊन बसू लागल्या, आणि विक्रेत्यांनी दुसरा कोपरा शोधला.

पॅरिसची खुर्ची अशी नव्वद वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा आली. या खेपेला तिचे भाडे कुणी मागितले नाही.