इंग्रजीतील ध्वनिसंधी आणि जपानी कान

छापील इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती बहुधा नसते. 'पिक इट अप' हे तीन शब्द इंग्रजी भाषकाच्या तोंडून 'पिकिटप' असे एका दमात बाहेर पडतात. आधीच्या शब्दाचे अंत्य व्यंजन पुढच्या शब्दाच्या आद्य स्वराला जाऊन मिळते. आपल्या व्याकरणातील संधीच्या जातीचाच हा प्रकार असून, जगभरचे भाषाशास्त्रज्ञही त्यासाठी 'संधी' हाच संस्कृत शब्द वापरतात. मात्र आपण 'जगदीश' लिहितो तशी इंग्रजी ही संधी लिहून दाखवीत नाही. छापील परिच्छेद सहज समजणारा जपानी विद्यार्थी तेच वाक्य ऐकताना गोंधळतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

या गोंधळाची किंमत गुणांतही मोजावी लागते. जपानच्या विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत २००६ साली इंग्रजी श्रवणाची चाचणी आली, तेव्हा लेखी भागाला २०० आणि श्रवणाला ५० गुण होते. २०२१ पासूनच्या नव्या सामायिक परीक्षेत वाचन आणि श्रवण या दोहोंना प्रत्येकी १०० गुण आहेत. शिवाय श्रवणाचे काही प्रश्न एकदाच ऐकविले जातात. सुटलेला शब्द पुन्हा पकडण्याची सोय तेथे नाही.

मात्रांची भाषा

जपानी उच्चाराचे एकक म्हणजे मात्रा. एक व्यंजन आणि एक स्वर मिळून सामान्यतः एक मात्रा होते. शब्दाच्या शेवटी स्वराविना येऊ शकणारे व्यंजन एकच, ते म्हणजे अनुनासिक 'न्'. त्यामुळे परका शब्द जपानीत येताना प्रत्येक सुट्या व्यंजनाला स्वराचा आधार मिळतो. इंग्रजीतील एका अक्षराचा 'स्ट्राइक' जपानीत 'सुतोराइकु' असा पाच मात्रांचा होतो. 'पिक इट अप'चे 'पिक्कु इत्तो आप्पु' होते. तीन अक्षरांच्या जागी नऊ मात्रा! प्रत्येक शब्द स्वरान्त झाल्यावर पुढच्या स्वराशी जोडण्यासाठी व्यंजन शिल्लकच राहत नाही.

ही सवय केवळ जिभेची नव्हे, कानाचीही आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रेंच आणि जपानी श्रोत्यांना 'एब्झो' आणि 'एबुझो' असे निरर्थक शब्द ऐकविण्यात आले. फ्रेंच श्रोत्यांना त्यांतील फरक सहज कळला. जपानी श्रोत्यांना मात्र तो ओळखणे जड गेले. ध्वनीत नसलेला 'उ' त्यांच्या कानांनी स्वतःच भरून काढला होता.

'न'चा पेच

अंत्य 'न्' जपानीत आहे, तर 'अॅन अॅपल' तरी सोपे जावे, असे वाटेल. प्रत्यक्षात तेच अवघड जाते. जपानीत 'न्'नंतर स्वर आला, तर दोहोंना वेगळे ठेवावे लागते. 'किन्-एन्' म्हणजे धूम्रपानास मनाई. तेच जोडून 'किनेन्' म्हटले, तर अर्थ होतो स्मरण किंवा स्मारक. स्वतःच्या भाषेत जो भेद जपानी मूल कटाक्षाने पाळते, तोच इंग्रजीत त्याला मोडायचा असतो. म्हणून 'अॅन-अॅपल' असा तुटक उच्चार हा आळस नव्हे. मातृभाषेची शिस्त आहे.

असे जोडणे जपानीला सर्वस्वी परके मात्र नाही. 'तेन्' आणि 'ओऽ' मिळून 'तेन्नोऽ', म्हणजे सम्राट. 'कान्' आणि 'ओन्' मिळून 'कान्नोन्', म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. 'रेन्जोऽ' नावाची ही संधी मध्ययुगात प्रचलित होती. आता ती मोजक्या शब्दांतच उरली आहे.

जोडण्याचे प्रकार

व्यंजन आणि स्वर यांच्या जोडणीखेरीज इतर प्रकारही आहेत. दोन स्वर शेजारी आले, की मध्ये 'य' किंवा 'व'ची छटा येते. 'सी इट' हे 'सीयिट' आणि 'गो ऑन' हे 'गोवॉन' असे ऐकू येते. 'ट' किंवा 'ड'पुढे 'य' आला, तर 'मीट यू'चे 'मीचू' आणि 'डिड यू'चे 'डिजू' होते. ब्रिटिश उच्चारात 'फार' या शब्दातील 'र' एरवी लुप्त असतो. 'फार अवे' म्हणताना तो प्रकट होतो. अमेरिकन उच्चारात दोन स्वरांमधील 'ट' इतका निसटता असतो, की 'गेट इट' जपानी कानाला 'गेरि' असे काहीसे भासते. दोन सारखी व्यंजने एकत्र आली, उदाहरणार्थ 'ब्लॅक कॅट', की मध्ये क्षणभर थांबून एकच स्फोट होतो. येथे जपानी विद्यार्थी निर्धास्त असतो, कारण 'साप्पोरो'तील जोड 'प' तो लहानपणापासून उच्चारत असतो.

कानापासून सुरुवात

जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शब्द जोडल्याने होणारे ध्वनिबदल समाविष्ट आहेत. सरावाच्या काही साध्या रीतीही उपयोगी पडतात. एक म्हणजे वाक्प्रयोग शेवटाकडून बांधणे: आधी 'अप', मग 'टप', मग 'किटप' आणि अखेरीस 'पिकिटप'. दुसरी, जपानी लिपीत उच्चार लिहिताना सुटा 'न्' टाळून 'ना'चे अक्षर वापरणे. 'आन् आप्पुरु' ऐवजी 'आनाप्पुरु' लिहिले, की जोड आपोआप साधते. तिसरी, ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता क्षणभर मागे राहून तेच बोलत जाणे. 'शॅडोइंग' नावाची ही रीत जपानमध्ये चांगलीच रुळली आहे.

कान कागदावर मात करू शकतो, याचे गमतीदार उदाहरण जपानीतच आहे. 'होत्ता इमो इजिरुना' म्हणजे 'खणून काढलेल्या बटाट्यांना हात लावू नका'. पण भरभर म्हटले, की ते 'व्हॉट टाइम इज इट नाऊ' असे ऐकू येते. जहाज भरकटल्याने १८४१ साली अमेरिकन व्हेलशिकारी नौकेच्या आश्रयाला गेलेला नाकाहामा मांजिरो हा चौदा वर्षांचा कोळी मुलगा अमेरिकेत राहून इंग्रजी शिकला. १८५१ साली तो मायदेशी परतला आणि १८५९ साली त्याने जपानी लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचे पुस्तक रचले. त्यात इंग्रजी उच्चार जपानी अक्षरांत दिले होते.

प्रत्येक शब्द जोडूनच बोलला पाहिजे, असे नाही; सुटे, स्पष्ट बोललेले इंग्रजीही समजते. अतिरिक्त स्वर टाळणे अधिक महत्त्वाचे. परंतु समोरचा माणूस जोडून बोलणारच, आणि ते आपल्याला समजले पाहिजे. म्हणून ध्वनिसंधीचा अभ्यास आधी ऐकण्यासाठी आणि मग बोलण्यासाठी करणे श्रेयस्कर.