निपाणीच्या वखारीतील इतिहास

चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी दाखविला जाणारा सरकारी माहितीपट आपल्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने अनेक सामाजिक विषय हाताळले. मात्र त्यांतील पुष्कळ पटांत माणसे केवळ राबताना दिसत. त्यांच्या वतीने बोले तो निवेदक.

ही रीत मोडणारा एक मराठी माहितीपट आपल्या सीमाभागातच घडला. १९८० साली बंगळूर येथे दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव व छायालेखक नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी ‘युगांतर’ हा गट स्थापन केला. पुण्यातील घरकामगार स्त्रियांवर ‘मोलकरीण’ हा पट केल्यावर गट निपाणीस आला. तेथील तंबाखू-कामगार स्त्रियांच्या सहवासात सुमारे चार महिने काढून १९८२ मध्ये त्यांनी ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा पट पूर्ण केला.

१९८१ मधील शरद जोशींच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनामुळे निपाणीचे नाव देशभर झाले होते. तंबाखूच्या भावाची चर्चा झाली. पण शेत आणि विडी यांच्या दरम्यान वखारीत जे हात राबत, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. या पटात कॅमेरा थेट वखारीत शिरतो. तंबाखूची भुकटी, ती साफ करणारे हात, अपुरी मजुरी, मालकाची वागणूक हे सारे कामकरी स्त्रियाच आपल्या बोलीत सांगतात. सुमारे तीन हजार स्त्रियांच्या संघटनेची ही कथा आहे. संप का करावा लागला, हे पटवून देण्यासाठी येथे व्याख्यान लागत नाही. त्यांचा एक दिवस पाहिला तरी कारण उमगते.

अळणावरकरांना हे परके वाटू नये. आपल्या जुन्या घराण्यांनी सनदा, खरेदीखते, देवस्थानांचे हिशेब निगुतीने जपले आहेत. दांडेलीच्या फाट्यावरून येणाऱ्या लाकडाच्या आठवणीही आपण अभिमानाने सांगतो. पण ते ओंडके कोणी उचलले, आपल्या शेतांत रोपे कोणी लावली, माजघरात पहाटेपासून कोण खपत होते, याची नोंद त्या कागदांत क्वचितच सापडते. ज्यांना ते दिवस आठवतात, अशी वृद्ध माणसे अद्याप आपल्या घरांत आहेत. पुढील खेपेस घराण्याचा इतिहास लिहावयास बसाल, तेव्हा दप्तर सोडण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसावे, आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे.