९४४ मिमी कुठल्या तारखेचे?

मुंबईचा महापूर कधीचा? कुणीही सांगेल, २६ जुलै २००५. आता हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदीत सांताक्रूझचे ते ९४४ मिमी शोधा बरं. सापडतात २७ जुलैसमोर! सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस तिथे त्या सकाळच्या तारखेला लिहितात, आणि कोसळला होता तो आदल्या दुपारनंतर. मीही आधी २६ समोरचाच आकडा उचलला होता. अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

याहून मोठी अडचण जागेची आहे. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी पडला. शहरात खात्याच्या वेधशाळा या दोनच. कुर्ला, कालिना, मिठीचा काठ बुडत असताना तिथे किती पडतोय हे त्या क्षणी सांगणारं काही नव्हतं. मुंबईत चारशेहून जास्त माणसं गेली. पुढे चितळे समिती बसली, महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक लावले.

म्हणून २००५ च्या आधीचा आणि नंतरचा ‘मुंबईचा पाऊस’ एकाच आलेखात जोडणार असाल, तर कुठल्या वर्षी किती मापक होते आणि कुठे, तो रकाना आधी भरा.